मुखवट्याच्या आतून

नाना इंग्रजी सिनेमे बघत नसत. भाषा हे एक कारण, पण खरं म्हणजे त्यांचा जीव नाटकात. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत पेठ तालुक्यातल्या शाळेवरून ते शनिवारी नाशकात यायचे, घरी पिशवी टेकवायचे आणि तडक प. सा. नाट्यगृह गाठायचे. निवृत्तीनंतर तर स्पर्धेचं एकही नाटक सुटेना. टीव्हीवर तलवारी खणखणू लागल्या की मात्र ते शब्दकोड्याचं पान उघडून बसत.

२००६च्या उन्हाळ्यातली गोष्ट. पेठ रोडवरच्या सीडी लायब्ररीतून मी 'किंगडम ऑफ हेवन' आणला होता. रिडली स्कॉटचा, आदल्या वर्षी आलेला, बाराव्या शतकातल्या जेरुसलेमवरचा. तेव्हा भारनियमन जोरात होतं. दुपारी वीज गेली तोवर नायक फ्रान्समधून निघून, जहाज फुटून, वाळूत येऊन पडला होता आणि मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. संध्याकाळी वीज आल्यावर, लावलाय तर संपवू, म्हणून उरलेला बघायला बसले. नाना शेजारच्या खुर्चीत कोडं सोडवत होते.

पडद्यावर एक दालन आलं. मेजाशी लिहीत बसलेला एक माणूस. अंगभर पांढरी वस्त्रं, हातात मोजे, आणि चेहऱ्याच्या जागी चांदीचा मुखवटा. तो बोलू लागला. आवाज हलका, थोडा दमलेला, पण प्रत्येक शब्द नीट उचलून ठेवल्यासारखा. सोळाव्या वर्षी मोठी लढाई जिंकलो तेव्हा वाटलं होतं शंभर वर्षं जगेन, आता ठाऊक आहे की तिशीसुद्धा बघणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी तो सांगत होता. नानांचं पेन थांबलं.

"हा कोण?"

"जेरुसलेमचा राजा. बाल्डविन. त्याला कुष्ठरोग झालेला असतो."

"ते नाही. नट कोण?"

मला माहीत नव्हतं. चेहराच दिसत नव्हता तर ओळखणार कशी! एडवर्ड नॉर्टन हे नाव मला पुष्कळ दिवसांनी कळलं. नानांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि आवाज वाढवायला सांगितला. इंग्रजी संवाद त्यांना कळत नव्हते, तरी आवाज वाढवायला सांगितला. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. तो प्रवेश संपल्यावर म्हणाले, "सोंग उभं केलं बघ याने."

'सोंग' हा शब्द नानांच्या तोंडी आला की त्यात चेष्टा नसायची. तो त्यांनी डोंगरातून आणलेला शब्द होता.

नाशिकहून पेठला जाताना रामशेज लागतो. पुढे सावळघाट, कोटंबीचा घाट, आणि मग सागाची झाडं, नाचणी-वरईची खाचरं. एसटीत बसल्यावर रामशेज दिसला की नाना दर वेळी तीच गोष्ट सांगायचे, संभाजी महाराजांच्या काळात मूठभर मावळ्यांनी हा एवढासा किल्ला मोगलांच्या फौजेपुढे वर्षानुवर्षं कसा झुंजवला ती. त्यांची शाळा ज्या गावात होती तिथे उन्हाळ्यात बोहाडा व्हायचा. नाशिकच्या पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात, पेठ-सुरगाण्याकडे, त्र्यंबकच्या बाजूला, पलीकडे मोखाडा-जव्हारात, बोहाड्याच्या रात्री अजूनही होतात. देवादिकांचे रंगवलेले मुखवटे चढवून माणसं संबळ-पिपाणीच्या तालावर नाचत येतात. एकेक सोंग येतं, फेर धरतं आणि जातं. सुरुवातीला गणपती, शारदा, मग राम, रावण, नरसिंह, आणि शेवटी देवी आणि महिषासुराचं युद्ध. तोवर पहाट होत आलेली असते.

मी आठ वर्षांची असताना नाना मला पहिल्यांदा बोहाड्याला घेऊन गेले. शाळेच्या रांजणात पाणी भरणारे एक काका होते. काटकुळे, मान खाली घालून चालणारे, आम्हा पोरांशीही हळू बोलणारे. देवीचं सोंग त्यांच्याकडे होतं. लाकडाचा जड मुखवटा, त्यावर रंगवलेले मोठे डोळे, अंगात लुगडं. टेंभ्यांच्या उजेडात ते आले आणि मी नानांच्या पायाला मिठी मारली. महिषासुर समोर आला, देवी थांबली, संबळाचा ताल बदलला आणि देवीला राग आला. मला तो राग दिसला. लहान मुलाला खोटा राग आणि खरा राग बरोबर कळतो, आणि हा खरा होता.

परत येताना नानांनी विचारलं, "देवीला राग आला ते तुला कशावरून कळलं? मुखवटा तर तोच होता."

मी खूप विचार केला. म्हटलं, "मान."

नाना केवढे खूश झाले होते. ती एक ओळ त्यांनी पुढे कितीतरी वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवली. आमची माई आठ वर्षांची असताना म्हणाली, मान.

बाल्डविनच्या प्रवेशानंतर नाना 'सोंग उभं केलं' म्हणाले ते या अर्थाने. आणि त्या दिवसापासून हा सिनेमा माझ्या आयुष्यातून गेलेला नाही. दर दोन-तीन वर्षांनी मी तो काढून बघते. चांगला सिनेमा म्हणून नाही. त्याचे दोष मला आता इतके पाठ आहेत की रात्री उठवून विचारलं तरी सांगेन, आणि दोष काही लहानसहान नाहीत.

नायक बेलियन हा फ्रान्समधला गावठी लोहार, कुणा सरदाराचा अनौरस मुलगा, बायको गेल्यावर बापाबरोबर पुण्यभूमीला निघतो, अशी सिनेमातली कथा. खरा इबेलिनचा बेलियन तिकडचाच. त्याच्या घराण्याच्या जहागिरी आधीपासून पॅलेस्टाइनमध्ये होत्या. त्याची बायको मारिया कॉम्नेना ही आधीच्या राजाची विधवा, म्हणजे बाल्डविनची सावत्र आई. राजवाड्यातली नाती पावलापावलाला काचत असणारा, मुरलेला माणूस होता तो. सिनेमाने त्याची पाटी कोरी केली आणि तिच्यावर आजच्या काळातल्या सुज्ञ माणसाची मतं लिहिली. बाराव्या शतकातल्या माणसाला देव असा सोयीने बाजूला ठेवता येत नव्हता. तो त्याच्या अन्नात आणि भीतीतही होता. बेलियन बोलू लागला की मला शतक विसरायला होतं, आणि ऐतिहासिक सिनेमात याहून मोठी चूक कोणती?

राजाची बहीण सिबिला हिच्यावर तर अन्यायच झालाय. सिनेमात ती नवऱ्याला कंटाळलेली आणि बेलियनच्या प्रेमात पडलेली दाखवली आहे. इतिहासातली सिबिला वेगळीच होती. ११८६ साली तिच्या राज्याभिषेकाच्या वेळी सरदारांना तिचा नवरा गी नको होता. काडीमोड घेत असशील तरच राणी हो, म्हणाले. इतिहासकार सांगतात की तिने ते मान्य केलं, फक्त एक अट घातली, पुढचा नवरा मी निवडीन. डोक्यावर मुकुट आला आणि तिने निवडला तो गीच. आपल्या हाताने त्याला मुकुट घातला. एवढा नाट्यपूर्ण प्रवेश इतिहासाने आयता हातात दिलेला असताना तो टाकून एक नेहमीचं प्रेमप्रकरण घ्यावं, याची मला अजून हळहळ वाटते.

आणि सगळ्यांत टोचतो तो शेवट. ऑक्टोबर ११८७ मध्ये जेरुसलेम सुलतान सलाउद्दीनच्या स्वाधीन झालं. सिनेमात तो सगळ्यांना सुखरूप जाऊ देतो. प्रत्यक्षात खंडणी ठरली होती, पुरुषाला दहा दिनार, बाईला पाच. ज्यांची ऐपत होती ते सुटले, सलाउद्दीनने आणि त्याच्या भावाने कित्येकांना तसंही सोडलं, पण तरी हजारो गरीब गुलामगिरीत गेले. ते हजारो सिनेमाने पुसून टाकले. पोशाख चुकला, तलवारीची मूठ चुकली तर मी सोडून देईन. गरिबांची रांगच्या रांग नाहीशी केलेली मला सोडवत नाही.

एवढं सगळं असूनही मी तो बघते, आणि मुखवट्यासाठी बघते. गंमत म्हणजे मुखवटाही खरा नाही.

बाल्डविनची हकीकत आपल्याला कळते ती टायरच्या विल्यमकडून. हा विल्यम पुढे आर्चबिशप झाला, त्या राज्याचा मोठा इतिहास त्याने लिहिला, आणि लहानपणी राजपुत्राला शिकवायला तोच होता. त्याने लिहिलेला एक प्रसंग मी वाचला तो दिवस मला आठवतो. सरदारांची मुलं खेळत होती. एकमेकांच्या दंडाला, हाताला नखांनी चिमटे काढायचे, मुलं खेळतात तसा खेळ. बाकीची मुलं ओरडायची. बाल्डविन ओरडत नसे. तो नऊ वर्षांचा होता. विल्यमला आधी वाटलं, पोरगा सोशिक आहे. त्याने मुलाला जवळ बोलावलं, विचारपूस केली, आणि लक्षात आलं की उजवा दंड आणि हात निम्मा बधिर आहे. चिमटा काढला तरी कळत नाही, चावलं तरी कळत नाही.

मी नानांना हे वाचून दाखवलं होतं. नाना उभा जन्म शिक्षक. ते एवढंच म्हणाले, "मास्तरने वेळेवर पाहिलं." आणि बराच वेळ गप्प बसले.

सिनेमात हा शोध विल्यमकडून काढून बेलियनच्या बापाला, गॉडफ्रीला दिलाय. खेळताना राजपुत्राच्या हाताला जखम झाली, त्याला दुखलं नाही, हे वैद्यांच्या आधी गॉडफ्रीला समजलं आणि तो रडला. ही उसनवारी मला पटत नाही. पण नॉर्टन ते सांगतो कसं ते बघा. स्वतःच्या आयुष्याचा निकाल लागला तो क्षण तो दुसऱ्या कुणाची आठवण सांगावी तसा सांगतो, समोरच्याच्या बापाचं कौतुक म्हणून. स्वतःची कीव त्या आवाजात औषधालाही सापडत नाही. समोरच्याला बाप परत मिळावा म्हणून हा माणूस आपलं दुःख वापरतोय, एवढंच ऐकू येतं.

तर मुखवटा. विल्यम लिहितो की रोगाने राजाचे हातपाय आणि विशेषतः चेहरा पोखरला, आणि त्याची माणसं त्याच्याकडे पाहून कळवळत. म्हणजे चेहरा लोकांना दिसत होता. चांदीचा मुखवटा सिनेमावाल्यांनी घडवला. इतिहास म्हणून चूक, आणि नटाच्या दृष्टीने केवढी मोठी परीक्षा! सिनेमाचं सगळं भांडवल चेहरा. कॅमेरा जवळ नेला की डोळ्याची कड, ओठाचा कोपरा सगळं बोलतं. ते सगळं काढून घेतलं आणि फक्त डोळ्यांच्या खाचा ठेवल्या. मग राहिलं काय? मान, खांदे, मोज्यातली बोटं, श्वास आणि आवाज. शाळेत पाणी भरणाऱ्या काकांकडे होतं तेवढंच, आणि त्यांच्याकडे तर आवाजही नव्हता.

केराकच्या किल्ल्यापाशी घडणारा प्रवेश मी अगदी थांबवत थांबवत पाहिलाय. राजा मरायला टेकलेला, तरी घोड्यावर बसून फौज घेऊन येतो, कारण रेनाल्ड नावाच्या त्याच्याच दांडगट सरदाराने काफिले लुटून सलाउद्दीनला अंगावर ओढवून घेतलंय. (खऱ्या इतिहासात ११८३ साली केराकचा वेढा उठवायला तो निघाला तेव्हा त्याला घोड्यावर बसवतही नव्हतं, त्याला डोलीतून नेलं होतं.) दोन फौजांच्या मधे दोन राजे भेटतात. चार वाक्यं होतात. माघारी जा, रेनाल्डला शिक्षा मी करतो. सलाउद्दीन मान्य करतो आणि वर म्हणतो, माझे हकीम पाठवतो. त्या वेळी मुखवटा किंचित झुकतो. तेवढ्यात आभार आहेत, आणि हकिमांचा आता उपयोग नाही हेही आहे.

मग रेनाल्डसमोर. हा रेनाल्ड ब्रेंडन ग्लीसनने असा केलाय की त्याच्या घामाचा आपल्याला वास येईल इतका जवळ वाटतो. राजा त्याला गुडघे टेकायला लावतो. आणि मग सावकाश आपला मोजा काढतो. आत झडलेला, व्रणांनी भरलेला हात. तो पुढे करतो आणि म्हणतो, शांतीचं चुंबन दे. रेनाल्ड त्या हातावर तुटून पडतो, अधाशासारखे मुके घेतो, कारण भीती आणि लाज दोन्ही लपवायची आहेत. राजा छडीने त्याच्या तोंडावर फटके मारतो, आणि त्या श्रमाने कोसळतो. मारतानाही रागाहून जास्त दिसतो तो थकवा. एवढी ताकद माझ्याकडे उरली होती, ती तुझ्यावर गेली, असं ते अंग बोलतं.

हा हात पाहताना मला रामकुंड आठवतं. लहानपणी आजीबरोबर एकादशीला जायचे. घाटाच्या पायऱ्यांवर चिंध्या बांधलेल्या हातांची माणसं बसलेली असायची. आजी चार हात लांबून, उभ्यानेच पैसे टाकायची. नाणं ताटलीच्या कडेला लागून घरंगळत जायचं आणि तो माणूस दोन्ही पंजांनी ते ओढून घ्यायचा, कारण बोटं नव्हती. एकदा नाना बरोबर होते. त्यांनी माझ्या हातात नाणं दिलं आणि म्हणाले, "खाली बस. मग ठेव." मी बसले. त्या माणसाचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आले. तोवर मी कधीही त्या पायरीवरच्या कुणाचे डोळे पाहिले नव्हते. हातच पाहिले होते.

त्या काळी एसटी स्टँडच्या भिंतींवर सरकारी पाट्या असायच्या. न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा असेल तर दवाखान्यात दाखवा. विल्यमने बाराव्या शतकात त्या मुलाच्या हातावर जे ओळखलं तेच पाटीवर लिहिलेलं होतं. हॅन्सेनने १८७३ साली जंतू शोधला, आता गोळ्यांच्या पाकिटांनी हा रोग पूर्ण बरा होतो. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोग देशातून हटला, असं सरकारी हिशेबात ठरलं ते डिसेंबर २००५ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी हा सिनेमा आला त्याच वर्षी. आकड्यांचा तो निकष होता, रोगी आजही सापडतात. पण मला त्या योगायोगाचं काहीतरी वाटतं. त्या वर्षी जगभरच्या पडद्यांवर एक कुष्ठरोगी राजा होता, आणि लोकांनी त्याच्याकडे खाली बसून पाहिलं.

बाल्डविन गेला तेव्हा चोवीस वर्षांचाही नव्हता. सिनेमातही तो अर्ध्यावर जातो, आणि खरं सांगायचं तर तिथे सिनेमाचा कणाच जातो. पुढची लढाई, वेढ्याचे मनोरे, आगीचे गोळे सगळं भव्य आहे, पण मी ते हात टेकून बघते. पुढे मला सांभाळतो तो सलाउद्दीन.

गस्सान मसूद हा सीरियाचा नट, दमास्कसच्या रंगभूमीवरचा. त्याच्या हडकुळ्या, रेषांनी भरलेल्या चेहऱ्याकडे बघून कळतं की या माणसाला गर्जना करायची गरज नाही. केराकहून माघारी आल्यावर एक जण त्याला टोचतो, लढला का नाहीस, निकाल तर देव ठरवतो. तो म्हणतो, देव ठरवतो खरा, पण तयारी, माणसांची संख्या, रोगराई नसणं आणि पाणी हेही ठरवतं. 'पाणी' हा शब्द तो सहज टाकतो. पुढे हत्तीनच्या लढाईत, राजा झालेल्या गीची अख्खी फौज तहानेने कोलमडते तेव्हा तो शब्द परत ऐकू येतो.

हत्तीननंतरचा तंबू तर इतिहासात जवळपास तसाच आहे. कैदी म्हणून गी आणि रेनाल्ड समोर. सलाउद्दीन गीला बर्फाच्या थंड पाण्याचा पेला देतो. गी तो रेनाल्डकडे सरकवतो, रेनाल्ड पितो. सलाउद्दीन म्हणतो, पेला मी तुला दिला नव्हता. आपल्या हाताने पाणी दिलं की पाहुण्याला अभय, असा तिथला रिवाज. पाणी पाजलं की शब्द बांधला जातो, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको. मसूद ते वाक्य उच्चारतो तेव्हा आवाज एक धागाही चढत नाही. ग्लीसनचा रेनाल्ड सावकाश सगळं समजून चुकतो आणि शांत होतो. पहिल्यांदाच त्या दांडगटाबद्दल मला काही वाटतं.

शहर घेतल्यावर सलाउद्दीन रिकाम्या दालनातून चालतो, जमिनीवर पडलेला क्रूस दिसतो, तो उचलून मेजावर उभा ठेवतो आणि पुढे जातो. काही दाखवल्यासारखं करत नाही. आपल्या घरात काही पडलेलं दिसलं तर आपण उचलतो तसं.

जेरेमी आयर्न्सचा टायबेरियसही आहे, राजाचा सेनापती. डोळ्याखाली व्रण, घसा बसल्यासारखा आवाज. आधी वाटलं देवासाठी लढतोय, मग कळलं जमीन आणि पैशासाठी, आणि शरम वाटली, असं म्हणून तो सायप्रसला निघून जातो. आयुष्यभर एकाच कचेरीत इमानाने खपून शेवटच्या दिवशी टेबलाचा खण रिकामा करणाऱ्या माणसाची पाठ मी त्यात पाहिली. डेव्हिड थ्यूलिसला तर नावही नाही, नुसता हॉस्पिटलर, म्हणजे रुग्णांची सेवा करणाऱ्या लढाऊ साधूंच्या पंथातला. मरायला निघताना तो असा निघतो की जणू जेवणाची वेळ झाली.

बेलियन झालेल्या ऑर्लांडो ब्लूमबद्दल लोक वाईट बोलतात. मला तसं वाटत नाही. त्याच्या वाट्याला भूमिकाच पोकळ आली. पण बाल्डविनच्या दालनात तो ऐकतो नीट. ऐकणारा नट चांगला नसेल तर बोलणारा कितीही मोठा असो, प्रवेश पडतो, हे नाना प्रत्येक स्पर्धेनंतर सांगायचे.

सिबिला झालेल्या ईवा ग्रीनवरचा अन्याय मात्र मला फार उशिरा कळला. मी सीडीवर पाहिला तो कापलेला सिनेमा होता. दिग्दर्शकाची मूळ प्रत पुढे मिळाली, ती पाऊण तासाने मोठी, तीन तासांवर. तिच्यात सिबिलाला एक लहान मुलगा आहे. बाल्डविन गेल्यावर तो मुलगा राजा होतो. कागदावर मोहोर उठवताना कढत लाख त्याच्या हातावर पडते आणि पोराला ते कळत नाही. आई बघते. तेवढ्या एका क्षणात ईवा ग्रीनच्या चेहऱ्यावरून जे जातं ते बघून मी सिनेमा थांबवला आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. पुढे ती मुलाच्या कानात विष घालते. इतिहासात त्या बाळराजाला हा रोग असल्याचं कुठे नाही, आईने मारल्याचंही नाही. पण ती लाख! विल्यमचा चिमटा कुणीतरी लक्षात ठेवला होता. कापलेल्या प्रतीत हे सगळं उडवलंय, आणि मग शेवटी ती केस कापून वेड्यासारखी आरशात बघते ते का, ते कुणालाच कळत नाही. एका नटीचं काम असं मधूनच छाटून टाकायला हात कसा धजला?

पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारकाकडे फिरायला गेले की माझ्या मनात हे विचार येतात. दादासाहेब मूळचे त्र्यंबकेश्वरचे, गेले ते नाशकातच. त्यांच्या १९१७च्या 'लंका दहन'मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाने राम केला आणि सीताही केली. आज कुणी तसं केलं तर दहा दोष निघतील. तेव्हाच्या लोकांनी पडद्यापुढे हात जोडले. त्यांना काय तो एकच माणूस आहे हे दिसत नव्हतं? दिसत असणारच.

नानांना पार्किन्सन्स झाल्याला आता सहा वर्षं झाली. सुरुवातीला उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, गोळी वळल्यासारखी हलायची. मग पावलं आखूड झाली, आवाज बारीक झाला. आणि चेहरा हळूहळू थांबला. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, स्नायू आखडतात, पापणी कमी लवते, चेहरा मुखवट्यासारखा होतो. त्यांनी तोच शब्द वापरला. मी खुर्चीत बसले होते आणि मला एकदम टेंभ्यांचा धूर आठवला.

भेटायला आलेली माणसं पाच मिनिटं बसतात, नानांच्या चेहऱ्याकडे बघतात आणि मग माझ्याशी बोलू लागतात, नाना तिथे नसल्यासारखी. त्यांना काही कळतं का गं, असं दारात चपला घालताना विचारतात. सगळं कळतं. मला कळतं की त्यांना कळतं. चहात साखर जास्त झाली की हनुवटी कणभर मागे जाते. माझ्या मुलाने फोनवरून हाक मारली की श्वास आधी थांबतो, मग जोरात येतो. रात्री पाय दुखत असले तर खांदा उशीपासून सुटतो. मी त्या खांद्याकडे बघत बसते.

गेल्या दिवाळीत मुलगा आला होता. त्याने सिनेमा मोठ्या टीव्हीवर लावला, आता मराठी-इंग्रजी कसलाच प्रश्न नव्हता, नाना शब्दांकडे बघतच नाहीत. खुर्ची समोर ओढून घेतली, मांडीवर शाल टाकली. उजवा हात शालीवर थरथरत होता, नेहमीसारखा. केराक आलं. दोन राजे भेटले, मुखवटा झुकला. रेनाल्डने गुडघे टेकले. राजाने मोजा काढला.

"थांब," नाना म्हणाले. इतकं हळू की मुलाला ऐकूच गेलं नाही, मी रिमोट घेतला.

पडद्यावर तो हात पुढे आलेला. नानांनी स्वतःचा उजवा हात शालीवरून उचलला. त्यांच्या आजारात हात स्वस्थ ठेवला की थरथरतो, मनाने उचलला की थरथर ओसरते. हात सावकाश वर आला, पुढे गेला, मनगटाशी किंचित वळला, आणि तिथे स्थिर राहिला. बोटं खाली. जशी राजाची होती तशी.

"बघ," ते म्हणाले. "मनगट आधी. मग मान."

चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी मानेकडे पाहिलं.

"पुन्हा लाव," नाना म्हणाले, आणि मी तो प्रवेश मागे नेला.